पडले, पाडले, पुसले

विनाश या एका कल्पनेसाठी इंग्रजी भाषेने शब्दांचे जे भांडार साठवले आहे, ते पाहून कोणीही थक्क व्हावे. पीटर मार्क रॉजे या इंग्रज डॉक्टराने १८५२ साली आपला 'थिसॉरस' प्रसिद्ध केला. शब्दांची अकारविल्हे यादी न देता त्याने मानवी विचारांचे सुमारे एक हजार विभाग पाडले आणि प्रत्येक विभागाखाली त्या अर्थाचे शब्द एकत्र मांडले. त्यांतला १६१ वा विभाग निर्मितीचा. आणि त्याला लागूनच, जणू समोरच्या घरात राहणाऱ्या वैऱ्यासारखा, १६२ वा विभाग विनाशाचा. ही शेजारमांडणी मार्मिक आहे. ज्याला घडवणे म्हणजे काय हे कळते, त्यालाच मोडणे म्हणजे काय हेही कळते.

परंतु रॉजेचा कोश शब्द देतो, शब्दांतले अंतर देत नाही. समानार्थी वाटणाऱ्या शब्दांतील भेद स्पष्ट करणे हे वेगळे शास्त्र आहे, त्यात आपण शिरणार नाही, असे त्याने प्रस्तावनेतच सुचवून ठेवले होते. निवड त्याने वाचकाच्या जाणकारीवर सोपवली. ज्याची मातृभाषा इंग्रजी, त्याच्यापुरते हे चालून जाते. आपली मुले मात्र इंग्रजी शाळांतून शिकतात, घरी मराठी बोलतात आणि दोन्ही भाषांतली वृत्तपत्रे चाळतात. त्यांच्या हाती अशी यादी पडली की एका शब्दाच्या जागी दुसरा अधिक भारदस्त शब्द ठेवणे म्हणजेच चांगली भाषा, असा त्यांचा समज होतो. आणि आपण मराठीत भाषांतर करतो तेव्हा या साऱ्या शब्दांवर 'नष्ट करणे' किंवा 'उद्ध्वस्त करणे' असा एकच शिक्का मारून मोकळे होतो.

हा केवळ शैलीचा दोष असता तर त्यासाठी एवढी पाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. विनाशाच्या शब्दांत न्यायाचा प्रश्न दडलेला असतो. काही नाहीसे झाले असे म्हणताना आपण तीन गोष्टी सांगत असतो किंवा लपवत असतो: हे कोणी केले, मागे काय उरले, आणि हेतू कोणता होता. या तीन प्रश्नांच्या उजेडात इंग्रजीतील काही शब्द तपासून पाहावेत, एवढाच या लेखाचा संकल्प आहे.

कर्ता कोण?

'रुइन' हा शब्द लॅटिनमधील 'रुएरे' या धातूपासून आला. त्याचा अर्थ कोसळणे. संत मत्तयच्या शुभवर्तमानात वाळूवर बांधलेल्या घराचा दृष्टान्त आहे. पाऊस पडला, पूर आले, वारे सुटले आणि ते घर कोसळले. त्या पडण्याला लॅटिन व्हल्गेटमध्ये 'रुइना' हाच शब्द आहे. तेथे घर पाडणारा कोणी नाही; पाया कच्चा होता म्हणून ते पडले. 'डिस्ट्रॉय'चे कूळ वेगळे. 'स्त्रुएरे' म्हणजे रचणे, बांधणे; त्याला उलटा उपसर्ग लागून 'देस्त्रुएरे' झाले, म्हणजे रचलेले उसकटणे. 'डेमॉलिश'मध्ये मोठे बांधकाम खाली ओढण्याची कल्पना आहे. 'रेझ' हा तर दाढीच्या 'रेझर'चा सख्खा भाऊ. जमीन खरवडून सपाट करणे, हा त्याचा मूळ अर्थ. या शेवटच्या तिन्ही शब्दांमागे कोणीतरी हात उगारून उभा आहे. 'रुइन' या नामामागे मात्र काळ, पाऊस, दुर्लक्ष अशी निनावी मंडळी असू शकतात.

मराठीला या भेदाची जाण उपजतच आहे. पडणे आणि पाडणे, तुटणे आणि तोडणे, फुटणे आणि फोडणे, जळणे आणि जाळणे: एखाद-दुसऱ्या वर्णाच्या फरकाने आपली भाषा कर्त्याला प्रकाशात आणते. इंग्रजीला ज्यासाठी निराळ्या कुळांतले शब्द गोळा करावे लागले, ते काम मराठी धातूतल्या धातूत उरकते. वसईच्या किल्ल्यातील आपल्या जुन्या चर्चच्या भिंतींकडे पाहताना हा भेद मनात ठेवावा. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या सैन्याने किल्ला घेतला, तेव्हा सुरुंगांनी तटाला खिंडार पाडले गेले. ते पाडणे होते. पुढे वस्ती उठली, छपरे गेली, पावसाने आणि झाडांच्या मुळांनी भिंती खिळखिळ्या केल्या; ते पडणे होते. आणि विजेत्यांनी चर्चच्या घंटा उतरवून नेल्या, त्या आज भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, वाईजवळच्या मेणवलीत पाहायला मिळतात. ते पडणेही नव्हे आणि पाडणेही नव्हे. ती लूट होती. घंटा फुटल्या नाहीत, फक्त त्यांची हाक बदलली. तिन्ही गोष्टींना 'विध्वंस' हे एकच नाव दिले, तर इतिहासावर अन्याय होतो आणि आपल्या मनातही नको तो कडवटपणा साचतो.

योगायोग असा की इंग्रजीतला 'लूट' हा शब्द आपल्याच देशातून तिकडे गेला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कंपनी सरकारच्या माणसांनी तो येथे उचलला. त्या शब्दासाठी त्यांना हिंदुस्थानात यावे लागले, यावर अधिक भाष्याची गरज नाही.

कर्ता बदलला की सत्याचे असत्य कसे होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण शुभवर्तमानातच आहे. योहानच्या शुभवर्तमानात येशू यहुद्यांना म्हणतो की तुम्ही हे मंदिर मोडा, मी ते तीन दिवसांत उभारीन. मार्कच्या शुभवर्तमानात खोटे साक्षीदार उभे राहतात आणि सांगतात की मी हे मंदिर मोडीन, असे हा म्हणाला. मंदिर तेच, मोडणेही तेच. फक्त 'तुम्ही'चा 'मी' झाला आणि एका निरपराध माणसाविरुद्ध आरोप तयार झाला. खोटी साक्ष देण्यासाठी नेहमीच नवी कथा रचावी लागते असे नाही. क्रियापदाचा कर्ता हलवला तरी पुरते.

या कुळातला आणखी एक शब्द आम्हां धर्मगुरूंनी तर कपाळावर लिहून ठेवावा. 'डिलॅपिडेशन' म्हणजे इमारतीची पडझड. लॅटिन 'लापिस' म्हणजे दगड; दगडांसारखे उधळून टाकणे हा मूळ अर्थ. इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यात हा शब्द एका विशिष्ट अर्थाने रुळला. धर्मगुरूच्या कारकिर्दीत त्याच्या हवाली असलेल्या वास्तूची जी पडझड झाली असेल, तिच्या दुरुस्तीची जबाबदारी त्याच्यावर किंवा त्याच्या मागे राहिलेल्यांवर येई. १८७१ साली तेथे या विषयावर स्वतंत्र कायदाच झाला. न पाडताही पाडल्याचा दोष लागू शकतो, हे त्या शब्दाने मान्य केले आहे. दुर्लक्ष हीसुद्धा कृतीच असते.

उरले काय?

आता दुसरा प्रश्न. विनाशानंतर काही उरते की नाही, आणि उरते ते किती?

'डेसिमेट' या शब्दाचा आज जितका ढिला वापर होतो, तितका क्वचितच दुसऱ्या शब्दाचा होत असेल. रोगाने पीक 'डेसिमेट' झाले, संघाचा खेळ 'डेसिमेट' झाला, असे सर्रास लिहितात आणि वाचणारा 'सर्वनाश' असे समजतो. मूळ शब्दात चक्क हिशोब आहे. 'डेसिमस' म्हणजे दहावा. रणांगणातून पळालेल्या तुकडीला रोमन सैन्यात ही शिक्षा होई: चिठ्ठ्या टाकून दर दहांमधला एक निवडायचा आणि त्याला त्याच्याच सोबत्यांनी ठार मारायचे. उरलेल्यांना गव्हाऐवजी जव खायला मिळत आणि छावणीच्या तटाबाहेर मुक्काम करावा लागे, असे पॉलिबियस या इतिहासकाराने नोंदवले आहे. स्पार्टाकसच्या बंडाच्या वेळी, इ. स. पूर्व ७२-७१ च्या सुमारास, क्रासस या सेनापतीने ही जुनी शिक्षा पुन्हा अमलात आणली. पुढे १६५५ साली क्रॉमवेलने राजपक्षीयांच्या उत्पन्नावर दशांश कर बसवला, त्यालाही हेच नाव मिळाले.

आजचा अर्थ चुकीचा आहे असा हट्ट मी धरणार नाही. शब्द चालत चालत दूर जातात. परंतु मूळ अर्थातली भीषणता पाहा. तेथे भय मेलेल्या एकापेक्षा उरलेल्या नऊ जणांचे आहे. त्यांचे हात आपल्याच भावाच्या रक्ताने माखलेले आहेत आणि त्यांना पुढे जगायचे आहे. 'सर्वनाश' या अर्थाने हा शब्द वापरला की ते नऊ जण नजरेआड होतात. दंगल किंवा युद्ध यांनंतर जे जगतात त्यांचे काय होते, हा प्रश्न विचारणारा एक शब्द भाषेतून वजा होतो.

याच्या अगदी उलट टोकाला 'ॲनाइहिलेट' आहे. 'निहिल' म्हणजे काहीही नाही. एखादी गोष्ट पूर्णपणे शून्यवत करणे, हा त्याचा काटेकोर अर्थ. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हांला संत थॉमस अक्विनासचा या विषयावरील विचार शिकवला जाई. देवाने शून्यातून सृष्टी निर्माण केली, तेव्हा तिला पुन्हा शून्यात नेण्याचे सामर्थ्य त्याच्याचकडे आहे. परंतु तो तसे करत नाही, कोणतीही वस्तू मुळीच नाहीशी होत नाही, असे त्याने 'सुम्मा'मध्ये प्रतिपादले. मनुष्याच्या हाती उरते ते फक्त रूप मोडणे. लाकूड जाळले तर राख होते, शून्य होत नाही. विसाव्या शतकात पदार्थवैज्ञानिकांनी हा शब्द इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या भेटीसाठी उचलला. दोन्ही कण नाहीसे होतात खरे, परंतु त्यांच्या जागी प्रारणरूप ऊर्जा उरतेच. शब्द शून्याचा, घटना मात्र रूपांतराची. सेनापती जेव्हा शत्रूला 'ॲनाइहिलेट' करू अशी गर्जना करतो, तेव्हा तो नकळत देवाच्या आसनावर बसू पाहत असतो. त्याच्या तोफांनंतरही राख उरते, विधवा उरतात, पोरकी मुले उरतात, आठवण उरते.

म्हणूनच 'ऑब्लिटरेट' हा शब्द मला अधिक धास्तीचा वाटतो. त्यात 'लिटेरा' म्हणजे अक्षर आहे. लिहिलेली अक्षरे पुसून टाकणे, हा त्याचा मूळ भाव. घर पाडले तरी त्या घरात कोण राहत होते याची नोंद राहू शकते. नोंदच पुसली तर पाडल्याचा पुरावाही जातो. मराठीत त्याला 'नामशेष' म्हणण्याचा प्रघात आहे. पण शब्द नीट पाहा. 'नामशेष' म्हणजे ज्याचे केवळ नाव शेष आहे. येथे निदान नाव तरी उरते. 'ऑब्लिटरेट'मध्ये तेही जाते. 'पुसून टाकणे' हा साधा मराठी शब्दप्रयोग येथे कोणत्याही संस्कृत समासापेक्षा अचूक आहे.

हेतू कोणता?

'इरॅडिकेट' म्हणजे मुळासकट उपटणे. 'रॅडिक्स' म्हणजे मूळ. आपल्या 'निर्मूलन' या शब्दात तंतोतंत तेच चित्र आहे. १९८० साली जागतिक आरोग्य परिषदेने जगातून देवीचे निर्मूलन झाल्याची घोषणा केली, तेव्हा हा शब्द सार्थ झाला. रोग, निरक्षरता, अंधश्रद्धा यांची मुळे उपटावीतच. 'एक्स्टर्मिनेट' हा शब्द प्रारंभी इतका क्रूर नव्हता. 'टर्मिनस' म्हणजे सीमा. सीमेबाहेर हाकलणे, हा त्याचा पहिला अर्थ. मराठीत त्याला 'उच्चाटन' जवळचा. पुढे हाकलण्यावरून मारून टाकण्यापर्यंत त्याची मजल गेली, आणि मग तो ढेकूण, उंदीर, झुरळे यांच्यासाठी राखून ठेवला गेला. जो शब्द किड्यांसाठी आहे तो माणसांना लावला, की माणूस आधी किडा ठरतो आणि मग त्याला मारणे ही स्वच्छता ठरते. नाझी राजवटीने यहुद्यांच्या बाबतीत हाच मार्ग धरला. तेथे शब्द मारेकऱ्याच्या पुढे पुढे चालत होता.

याच कसोटीवर आपल्या घरचा एक शब्द घासून पाहू या. आपल्याकडील नगरपालिकांत 'अतिक्रमण निर्मूलन' नावाचा विभाग असतो. अतिक्रमण कायदेशीर की बेकायदेशीर, हा वेगळा प्रश्न. कायद्याचे काम कायद्याने करावे. माझा आक्षेप शब्दाला आहे. एका कुटुंबाने पत्रे आणि बांबू जोडून उभारलेला आसरा पाडला जातो. त्यातली चूल, मुलांची दप्तरे, भिंतीवरची तसबीर रस्त्यावर येते. या घटनेला आपण देवीच्या रोगाचा शब्द लावतो. 'घर पाडले' असे म्हटले असते, तर वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न आला असता: ती माणसे आता कोठे झोपतील? 'निर्मूलन झाले' म्हटले की प्रश्नाचेही निर्मूलन होते. क्रियापद निवडताना आपण वाचकाच्या मनात करुणेचे दार उघडतो किंवा बंद करतो.

बदनाम झालेली नावे

विनाशाच्या शब्दांत काही शब्द असे आहेत की ज्यांच्या पोटात एखाद्या जमातीचे किंवा दैवताचे नाव कोंडलेले आहे. 'व्हँडलिझम' हा त्यांतला प्रसिद्ध. व्हँडल या जर्मानिक टोळ्यांनी ४५५ साली रोम लुटले. पोप पहिले लिओ यांनी त्यांचा राजा गेन्सेरिक याची भेट घेतली, आणि चौदा दिवस लूट झाली तरी कत्तल व जाळपोळ टळली, असे समकालीन वृत्तान्तात म्हटले आहे. रोमवर चालून आलेल्या इतर सैन्यांच्या मानाने हे काही असाधारण नव्हते. तरीही नाव व्हँडलांचेच बद्दू झाले.

हा शब्द घडवला कोणी? फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात १७९४ साली बिशप हेन्री ग्रेगॉर यांनी. क्रांतीच्या उन्मादात चर्च, पुतळे, ग्रंथसंग्रह, थडगी फोडली जात होती. ग्रेगॉर स्वतः क्रांतीच्या बाजूचे होते आणि तिच्या राष्ट्रसभेचे सभासद होते. तरीही त्यांनी सभेपुढे अहवाल मांडून या तोडफोडीला नाव दिले. ती गोष्ट मारण्यासाठी आपण तो शब्द निर्माण केला, अशा आशयाचे त्यांनी पुढे आठवणींत लिहिले. शब्दाने दुष्कृत्य मरत नसेल, पण निनावी दुष्कृत्याला नाव मिळाले की ते लपू शकत नाही. आपल्याच पक्षाच्या पापाला नाव देण्याचे धैर्य दाखवले, म्हणून ग्रेगॉर येथे आदरास पात्र ठरतात. व्हँडलांवर अन्याय झाला तो झालाच.

दुसरा शब्द 'जगरनॉट'. जे समोर येईल ते चिरडत जाणारी प्रचंड शक्ती, असा इंग्रजीत त्याचा अर्थ. शब्द मात्र आहे आपला 'जगन्नाथ'. चौदाव्या शतकात भारतात आलेल्या ओडोरिक या फ्रान्सिस्कन धर्मबंधूने रथाच्या चाकांखाली देह टाकणाऱ्या भक्तांचे वर्णन लिहिले. ठाण्यात १३२१ साली हुतात्मे झालेल्या फ्रान्सिस्कन धर्मबंधूंच्या अस्थी सोबत नेणारा तो हाच ओडोरिक. पुढे १८११ साली क्लॉडियस ब्युकॅनन या अँग्लिकन पाद्र्याने पुरीच्या रथयात्रेचे भयावह चित्र इंग्लंडपुढे उभे केले आणि शब्द पक्का झाला. ज्या नावाचा अर्थ जगाचा नाथ, ते नाव परभाषेत चिरडण्याचे प्रतीक व्हावे, हे कोणत्याही श्रद्धावंताला दुखावणारे आहे. आपल्या क्रुसाचे असे झाले असते तर आपल्याला काय वाटले असते, एवढे मनाशी विचारून ख्रिस्ती लेखकाने हा शब्द टाळावा, असे मला वाटते.

होमार्पण की महासंकट?

दुसऱ्या महायुद्धात नाझींनी सुमारे साठ लाख यहुद्यांची हत्या केली. या घटनेला इंग्रजीने 'होलोकॉस्ट' असे नाव दिले. १९७८ साली त्याच नावाची अमेरिकन दूरदर्शन मालिका गाजली आणि शब्द घरोघर पोहोचला. पवित्र शास्त्राच्या अभ्यासकाला मात्र हा शब्द अस्वस्थ करतो. तो ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ पूर्णपणे जाळलेले. जुन्या कराराच्या ग्रीक आणि लॅटिन भाषांतरांत तो होमार्पणासाठी येतो, म्हणजे वेदीवर देवाला संपूर्ण वाहिलेल्या बळीसाठी.

आता तीन प्रश्न विचारून पाहा. होमार्पणाचा कर्ता कोण? भक्त. ते कोणासाठी? देवासाठी. हेतू कोणता? उपासना. मग वायुकोठड्यांत मारलेल्या लेकरांचे अर्पण कोणी, कोणाला केले? नाझींना याजकाच्या जागी आणि देवाला तो बळी स्वीकारणाऱ्याच्या जागी बसवणारा हा शब्द अनेक यहुदी विचारवंतांना असह्य वाटला, यात नवल नाही. त्यांनी 'शोआ' हा हिब्रू शब्द पसंत केला. यशयाच्या ग्रंथात तो येतो आणि त्याचा अर्थ अकस्मात कोसळणारे उजाड करणारे संकट. क्लोद लान्झमान यांनी १९८५ सालच्या आपल्या दीर्घ चित्रपटाला तेच नाव दिले. १९९८ साली व्हॅटिकनने या विषयावर निवेदन काढले, तेव्हा त्याच्या शीर्षकातही 'शोआ' हाच शब्द होता. चर्चने येथे केवळ शब्द बदलला नाही. ज्यांच्यावर आघात झाला त्यांनी दिलेले नाव स्वीकारले. दुःखाचे नामकरण करण्याचा पहिला हक्क दुःखिताचा असतो.

परंतु 'शोआ'मध्येही एक उणीव आहे. संकट कोसळते, त्यात कर्ता दिसत नाही. ती उणीव कायद्याच्या भाषेने भरून काढली. राफाएल लेमकिन या पोलंडच्या यहुदी कायदेपंडिताने १९३३ साली माद्रिदच्या एका परिषदेसाठी दोन नवे आंतरराष्ट्रीय गुन्हे सुचवले होते. लोकसमूहांच्या हत्येला त्यांनी 'बार्बॅरिटी' म्हटले आणि त्यांच्या कला-संस्कृतीच्या नाशाला 'व्हँडलिझम'. ग्रेगॉर यांचा शब्द असा पुन्हा कामी आला. पण सूचना मान्य झाली नाही. १९४४ साली लेमकिन यांनी ग्रीक 'गेनॉस' म्हणजे वंश आणि लॅटिनमधील हत्यावाचक प्रत्यय जोडून 'जेनोसाइड' हा शब्द घडवला. ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी तो करारात घातला. या गुन्ह्याच्या व्याख्येचा कणा हेतू हाच आहे: राष्ट्र, वंश, वर्ण किंवा धर्म यांनी बांधलेला समूह, तो समूह आहे म्हणूनच, संपूर्ण अथवा अंशतः नष्ट करण्याचा उद्देश. मराठीत 'वंशसंहार' म्हणतात. तो प्रत्येक कत्तलीला लावण्याचा शब्द नाही, आणि जेथे हेतू सिद्ध होतो तेथे टाळण्याचाही नाही. संस्कृतीच्या नाशाचा भाग करारातून वगळला गेला, ही खंत मात्र राहते.

हात धुतलेले शब्द

येथवरचे शब्द निदान विनाश मान्य करतात. विसाव्या शतकाने दुसरीही एक जात निपजवली. 'लिक्विडेट' हा हिशोब मिटवण्याचा व्यापारी शब्द. १९२९ च्या डिसेंबरात स्टालिनने सधन शेतकरी वर्गाचे 'लिक्विडेशन' जाहीर केले आणि हिशोबाच्या वहीत माणसे मिटवली गेली. 'पॅसिफिकेशन' म्हणजे शांतता प्रस्थापित करणे. गावांवर बॉम्ब टाकण्याला हा शब्द वापरतात, हे जॉर्ज ऑरवेल यांनी १९४६ सालच्या आपल्या निबंधात दाखवून दिले. १९९१ च्या आखाती युद्धात 'कोलॅटरल डॅमेज' हा शब्द जगभर ऐकू आला. म्हणजे ओघात झालेले आनुषंगिक नुकसान. या नुकसानीत माणसे असतात, हे त्या शब्दावरून कळत नाही. पिलाताने पाण्याने हात धुतले. हे शब्द तेच काम कोरड्या हातांनी करतात. लेखकाचे आणि वाचकाचे कर्तव्य एवढेच की अशा शब्दाला थांबवून विचारावे: बाबा रे, कोण मेले?

हरवलेले

शेवटी ज्या शब्दाने हा सारा विचार सुचला त्याकडे वळतो. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत 'आपोल्लुमि' असे एक क्रियापद आहे. इंग्रजी भाषांतरकारांनी त्याला ठिकठिकाणी निराळे शब्द दिले. नरकात देह आणि आत्मा यांचा नाश होतो तेथे 'डिस्ट्रॉय'. विश्वास ठेवणाऱ्याचा नाश होऊ नये असे योहान सांगतो तेथे 'पेरिश'. आणि लूकच्या पंधराव्या अध्यायात मेंढरू, नाणे आणि मुलगा यांच्या बाबतीत 'लॉस्ट'. ग्रीकमध्ये हे सारे एकच क्रियापद आहे. उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तात मुलगा स्वतःशी म्हणतो की मी येथे भुकेने मरतो आहे, आणि बाप सांगतो की हा माझा मुलगा हरवला होता. दोघांच्या तोंडी मूळ शब्द तोच. मुलाला जे मरण वाटते, ते बापाला हरवणे वाटते. इंग्रजीने दोन शब्द वापरले आणि हा धागा तुटला. आपल्या मराठी भाषांतरांतही तो तुटलेलाच आहे.

आश्चर्य असे की आपल्याकडे तो जोडण्याची सोय आहे. ज्या 'नाश' शब्दाला आपण अंतिम समजतो, त्याच्या 'नश्' या धातूचा अर्थ पाणिनीच्या परंपरेतील धातुपाठाने 'अदर्शन' असा दिला आहे, म्हणजे न दिसणे. संस्कृतात 'नष्ट' म्हणजे हरवलेलेही. ग्रीक आणि संस्कृत या दोन दूरच्या बहिणी येथे एकच गोष्ट सांगतात: जे नाहीसे झाले ते नाहीच, असे म्हणण्याची घाई करू नका, कदाचित ते फक्त दिसत नाही.

कोव्हेन्ट्री शहरावर १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ला झाला आणि तेथील कॅथीड्रल जळाले. तो हल्ला असा होता की शहरे बेचिराख करण्यासाठी त्या शहराच्या नावाचेच क्रियापद बनले. शहरवासीयांनी त्या भिंती पाडल्या नाहीत आणि त्या पूर्वीसारख्या उभारल्याही नाहीत. त्यांनी भग्न कॅथीड्रल तसेच ठेवले, त्याला लागून नवे बांधले आणि १९६२ साली त्याचा अभिषेक झाला. जुन्या भिंती काय झाले ते सांगतात, नव्या भिंती त्यानंतर काय केले ते सांगतात. एकीने दुसरीला पुसलेले नाही.

भाषेनेही असेच वागावे. पडले त्याला पडले म्हणावे, पाडले त्याला पाडले म्हणावे आणि पाडणाऱ्याचे नाव घ्यावे. पुसले असेल तर पुसलेली अक्षरे पुन्हा लिहावीत. घरात संध्याकाळी वृत्तपत्र उघडले जाईल तेव्हा आईबापांनी मुलांना एवढे तीन प्रश्न विचारायला शिकवावे: कोणी केले, काय उरले, कशासाठी केले? आणि जे उरले असेल, त्याला शोधायला कोण निघाले आहे, हा चौथा प्रश्न मुले आपणहून विचारतील.